खोगीरभरती : लांबच्या पल्ल्यासाठी सायकलची सीट शोधतानाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. कोथरूड–शिरवळ–कोथरूड, १०३ किमी

आयुष्यातली पहिली शंभरी. जुन्या कात्रज घाटाने गेले, शिरवळला नीरेच्या पुलापाशी वळले. पायांची तक्रार नाही, छातीची नाही. बुडाने मात्र येताना कापूरहोळलाच हात टेकले. शेवटचे पंचवीस किलोमीटर मी सायकलवर बसले होते असं म्हणता येणार नाही, नुसती लोंबकळत होते.

घरी अंघोळीचं पाणी लागलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. रात्री ओट्याशी उभं राहून जेवले. नवरा म्हणाला, "अगं बस ना." मी फक्त त्याच्याकडे बघितलं.

दुखणी तीन आहेत. एकात एक मिसळू नयेत म्हणून आजच लिहून ठेवते. पहिलं, बसायच्या दोन्ही हाडांवर ठणका, बोटाने दाबलं तर नेमकी जागा सापडते. दुसरं, डाव्या जांघेत काचलंय, चार बोटं लांब लाल पट्टा. उजवीकडे काही नाही. तिसरं, ६० किलोमीटरनंतर पुढचा नाजूक भाग बधिर. पेडलवर उभी राहिले की मुंग्या येऊन दोन मिनिटांत जाग येते, बसलं की पुन्हा बधिर. या तिसऱ्याबद्दल सायकलच्या ग्रुपमधल्या बायका आपसांत कुजबुजतात, पुरुष विनोद करतात आणि सीट कोणीच बदलत नाही.

मार्चमध्ये ३०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याची राइड, करायची आहे. पॅरिसच्या ओडॅक्स क्लबने आखलेल्या या राइड्समध्ये नंबर नसतो, फक्त वेळेत पोहोचायचं असतं : २०० ला साडेतेरा तास, ३०० ला वीस. वीस तास म्हणजे आजच्या तिप्पट. या बुडाने ते होणार नाही.

ही वही बांधकामाच्या साइटवरच्या एमबीसारखी, म्हणजे मेजरमेंट बुकसारखी, ठेवणार. मोजमाप, तारीख, आणि एका वेळी एकच बदल.

५ नोव्हेंबर

एमबीचा नियम दोन दिवसांत मोडला. न मोजता जेलचं कव्हर आणलं, ४५० रुपये. दाबलं की बोट आत जातं, इतकं मऊ. सोफ्यावर ठेवून बसून बघितलं, स्वर्ग.

१० नोव्हेंबर, रविवार. पानशेत, ८२ किमी

स्वर्ग खडकवासल्यापर्यंत टिकला. बधिरपणा ३५ किलोमीटरलाच आला, म्हणजे आधीपेक्षा लवकर. शिवाय कव्हर डावी-उजवीकडे सरकतं आणि दर अर्ध्या तासाने थांबून दोरी आवळावी लागते. पानशेतला चहाच्या टपरीवर ते काढून पिशवीत टाकलं. परतीची वाट उघड्या सीटवर त्यातल्या त्यात बरी गेली.

असं का व्हावं, ते येताना डोक्यात लख्ख झालं. काळ्या मातीवर फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, टाकलं की काय होतं? भाराखालची माती दबते आणि बाजूची फुगून वर येते. जेलचंही तेच. हाडं आत रुततात आणि मधला भाग वर येऊन नेमका जिथे भार नको तिथे दाबतो. तिथून नस जाते, रक्तवाहिन्या जातात, हाड तिथे नाही. मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये म्हणतात, मी हाडांनी खणलं.

आपल्याकडे निरुपयोगी भरताडाला खोगीरभरती म्हणतात. खोगिरात चिंध्या-गवत काय वाट्टेल ते कोंबलं तरी चालतं, त्यावरून. ज्याने हा शब्द रूढ केला त्याचं बूड नक्की सोललेलं असणार.

१२ नोव्हेंबर

सायकलच्या दुकानात गेले. तोंड उघडायच्या आत पोऱ्याने विचारलं, "ताई, लेडीज सीट दाखवू?" दाखवली. रुंदीला पाटाएवढी, खाली दोन स्प्रिंगा, वर गुलाबी शिलाई. गल्लीत चार फेऱ्या मारू दिल्या. बसायला छान, पण पेडल मारताना दोन्ही मांड्यांची आतली बाजू कडांना घासते. मिनिटाला ऐंशी वेळा पाय फिरतो, वीस तासांत लाखभर वेळा. नको.

ती सीट वाईट नाही म्हणा. मंडईत जायला, ताठ बसून दोन किलोमीटर, तिच्यासारखी नाही. आजोबांच्या काळ्या सायकलला अशीच स्प्रिंगची सीट होती, पण आजोबा खुर्चीत बसल्यासारखे बसत. हँडल उंच, पाठ सरळ, सगळा भार हाडांवर. मी पुढे वाकून बसते. वाकलं की कंबर पुढे कलंडते आणि भार हाडांवरून पुढे सरकतो. एकाच्या बसण्यासाठी केलेली सीट दुसऱ्या बसण्याला चालत नाही, यात लेडीज-जेंट्स नंतर येतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार. हाडांचं माप

आता शहाणी झाले. पंख्याच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा कापला, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर ठेवला, त्यावर बसले. पाय पहिल्या पायरीवर, गुडघे छातीकडे, अंग थोडं पुढे, दोन्ही हातांनी पायरी धरून खाली दाबायचं. मिनिटभराने उठायचं. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. नीट दिसले नाहीत तर खडू आडवा फिरवायचा, खळग्याची जागा कोरी राहते. मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं.

तीनदा केलं : १२७, १२९, १२८ मिमी. १२८ धरते. शेजारच्या वहिनींना कुतूहल वाटलं, त्याही बसल्या. अंगाने माझ्या दीडपट, माप ११६. म्हणजे अंग बघून सीट देणाऱ्या दुकानदाराचा अंदाज किती कामाचा ते कळलं. बायकांची ही हाडं सरासरीने पुरुषांपेक्षा एकमेकींपासून जास्त अंतरावर असतात, पण सरासरी काही सायकलवर बसत नाही.

मग सायकलची सीट मोजली. सर्वांत रुंद जागी १३५. सोपं वाटतं, १२८ मावतात की. पण सीटच्या कडा गोलाईने खाली उतरतात, सपाट जागा आतच संपते. माझी दोन्ही हाडं उतारावर टेकतात. फुटिंगच्या अगदी कडेवर कॉलम उभा केल्यासारखं. असं ड्रॉइंग मी कोणाला पास करू देणार नाही आणि त्यावर स्वतः पाच महिने बसले.

हिशेब असा करतात : हाडांच्या मापात वीसेक मिलिमीटर मिळवायचे, ताठ बसत असाल तर अजून थोडे. माझं हँडल आडवं, बसणं मधलं, म्हणजे १५५ च्या आसपास.

लगेच ऑर्डर करावीशी वाटली. केली नाही. आधी उंची.

१७ नोव्हेंबर. उंची

साइटवरून ओळंबा आणि पाणसळ घरी आणली. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, घरी भिंत उचलताय का?" म्हटलं, सायकल उचलतेय.

भिंतीला पाठ, पायांत बूट नाहीत, दोन पायांच्या मधे जाडसं पुस्तक सीटसारखं वर दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेची उंची मोजायची. ७४ सेंमी. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने चालणारा हिशेब ०.८८३ ने गुणायला सांगतो : ६५.३. हे अंतर पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या केंद्रापासून, सीटच्या माथ्यापर्यंत, सीटट्यूबच्या, म्हणजे सीटखालच्या फ्रेमच्या नळीच्या, रेषेत. हा अंदाज, शास्त्रवचन नाही. बुटाचा तळवा आणि पेडल यांनी पाच-सहा मिलिमीटरचा फरक सहज पडतो.

माझी सीट ६६.८ वर होती. विकत घेताना "पाय पूर्ण लांब झाला पाहिजे" म्हणून दुकानात ठेवली तीच. मुलाला मागून मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगितलं. बघितला आणि लाज वाटली. प्रत्येक फेरीला पेडल गाठायला कंबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकते. मागून बघावं तर बैलगाडी. आणि डावीकडे जास्त झुकते. डाव्या जांघेतला पट्टा हा.

६५.५ वर आणली. एकच गोष्ट बदलली असं लिहिताना मन खातं, कारण सीटट्यूब तिरकी असते. १३ मिमी खाली आणली की सीट चारेक मिमी पुढेही येते. तेवढी लबाडी नोंदवून ठेवते.

पाणसळ सीटवर ठेवली तर बुडबुडा पुढे पळाला. नाक वर आहे, मोबाइलचं अ‍ॅप तीन अंश सांगतं. हात शिवशिवले, पण आज फक्त उंची.

२४ नोव्हेंबर, रविवार. पुन्हा पानशेत, ८२ किमी

डाव्या जांघेत काही नाही. लाल पट्टा नाही, आग नाही, काही म्हणजे काही नाही. पाच महिन्यांचं एक दुखणं एका एल-कीने आणि फुकटात गेलं. गुडघ्यामागची शीर ओढल्यासारखी व्हायची तीही गेली, जिची मी तक्रारच लिहिली नव्हती.

बधिरपणा तसाच, ६० ला. हाडांचा ठणका तसाच.

१ डिसेंबर, रविवार. सिंहगड पायथा, मग खडकवासला, ७० किमी

बुधवारी नाक खाली आणून सीट समतळ केली. आज ७० किलोमीटरला बधिरपणा नाही, शेवटी जरा जडपणा. ठणका आहे.

२ डिसेंबर. कबुली

पॅडच्या शॉर्टखाली मी आतले कपडे घालत होते. नणंदेने सहज विचारलं म्हणून बाहेर आलं. पॅडच्या शॉर्टच्या खाली काही घालायचं नसतं. पॅड अंगाला चिकटून राहावं आणि शिवण नेमक्या जागी येऊ नये म्हणूनच तसं शिवलेलं असतं. मी त्यावर कॉटनची शिवण आणि घाम धरून ठेवायची सोय, दोन्ही करून घेत होते. कोणी सांगितलं नाही, कारण कोणी हे बोलतच नाही.

बिबचा विचार केला आणि सोडला. खांद्यावर पट्टे असले की पॅड हलत नाही हे खरं, पण हायवेवर आडोसा शोधून आधी जर्सी, मग पट्टे, मग बाकीचं, हे उलटसुलट करायचं धैर्य माझ्यात नाही. कमरेची शॉर्ट, एक माप घट्ट.

८ डिसेंबर, रविवार. काकांची कातडी सीट

ग्रुपमधल्या काकांनी त्यांची ब्रुक्स बी-१७ आठवडाभर दिली. दहा-बारा वर्षं वापरलेली, रंग गूळभट्टीच्या काहिलीसारखा, वर दोन स्पष्ट खळगे. कंपनी १८६६ ची, इंग्लंडची. सांगतात असं की, मूळ ब्रुक्सचं घोडं मेलं, कामावर जायला त्याने सायकल उसनी घेतली आणि तिची सीट इतकी टोचली की नवीनच बनवायला घेतली. घोड्याचं खोगीर गेलं म्हणून सायकलचं आलं.

आत भरण काहीच नाही. जाड कातडं पुढून मागे ताणून बसवलेलं, खाली पोकळ. नाकाखाली एक बोल्ट. कातडं सैलावलं की तो पाव फेरा फिरवायचा, सुतळीची बाज ताणतात तसा. नव्याला पहिले काही शे किलोमीटर चावण्याची सवय, मग तुमच्या हाडांचा साचा घेतं. नव्या कोल्हापुरीला तेल पाजून, दोन-चार फोड सोसून ती पायाची होते तसं.

खोट एवढीच की ही कोल्हापुरी काकांच्या पायाची. त्यांचे खळगे माझ्या हाडांपेक्षा आत आहेत. खडकवासल्यापर्यंत ३० किमी केले, मधल्या उंचवट्यावर बसल्यासारखं वाटत राहिलं. दुसरं म्हणजे कातडं आणि आपला पाऊस. भिजलेल्या कातड्यावर बसलं तर ते वेडंवाकडं ताणतं. जून ते सप्टेंबर सीटला प्लॅस्टिकची टोपी घालत हिंडायचं आणि घरी येऊन वंगण लावायचं. काका करतात, प्रेमाने करतात. माझ्याकडे ते प्रेम नाही.

परत देताना काका म्हणाले, "सवय झाली असती गं." झालीही असती. पण मार्च जवळ आहे.

१५ डिसेंबर, रविवार

नवी सीट आली. रुंदी १५५, मधे आरपार खाच, गादी बोटाने दाबली तर जेमतेम दबते. ४२०० रुपये. गुलाबी शिलाई नाही. नवऱ्याने हाताने दाबून बघितली आणि म्हणाला, "ही कडक नाही का?" हो.

बसवताना जुनी मापं उतरवून घेतली, पण नव्या सीटचा माथा खालच्या रुळांपासून जरा उंच आहे, म्हणून सीटपोस्टवरची, म्हणजे सीटच्या दांड्यावरची, जुनी खूण चालत नाही. माथ्यापासूनच मोजून पुन्हा ६५.५. पाणसळीचाही घोळ झाला. या सीटचं शेपूट वर उचललेलं, मधे पन्हळ. पाणसळ शेपटीवर आणि नाकावर टेकवून समतळ केली तर बसायची जागा नाक-वर झाली आणि १० किलोमीटरमध्ये बधिर. खाच असूनही. पुढचा अर्धा भाग समतळ धरायचा हे मग कळलं.

२२ डिसेंबर, रविवार. शिरवळ, १०३ किमी

नाक आणखी खाली केलं तर आणखी बरं वाटेल, या लोभाने तीन अंश केलं. बधिरपणा शून्य. पण मी दिवसभर घसरगुंडीवर. सतत पुढे सरकत होते आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत होते. खेड शिवापूरपर्यंत तळहात बधिर, करंगळ्यांना मुंग्या, मानेत गोळा. बुडाचं दुखणं हातात नेऊन ठेवलं.

कापूरहोळला वडापाव खाताना एल-की काढली आणि अर्ध्या-अर्ध्या अंशाने वर घेत आले. हातावरचा भार जिथे सुटला तिथे थांबले. घरी मोजलं : नाक एक अंश खाली. या एका अंशासाठी सात आठवडे.

हाडांना ठणका नाही. दाबून बघितलं, तरी नाही.

२४ डिसेंबर

डाव्या बाजूला, बसायच्या जागीच, वाटाण्याएवढा फोड. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केसाच्या मुळाशी घाम, घासणं आणि जंतू, तिन्ही एकत्र आले. रविवारी आल्यावर ओल्या शॉर्टमध्येच तासभर फोनवर बोलत बसले होते, त्याचं फळ. औषध दिलं आणि फोड पूर्ण बसेपर्यंत सायकल बंद. "आणि फोडू नका," हे दोनदा सांगितलं. चेहरा बघून सांगितलं असणार.

दहा दिवस गेले. त्यानंतर आल्याआल्या आधी शॉर्ट, मग पाणी, मग फोन.

१२ जानेवारी २०२५, रविवार. सासवड, ७६ किमी

काही लिहिण्यासारखं नाही. दिवे घाट, अंजीर, घरी. सव्वादोन महिन्यांतली ही पहिली नोंद जिच्यात बूड नाही.

२६ जानेवारी, रविवार. कोथरूड–पाचगणी–कोथरूड, २०४ किमी

पहाटे साडेचार ते दुपारी चार पंचावन्न. १२ तास २५ मिनिटं, बीआरएमच्या मर्यादेच्या आत तासभर राखून. खंबाटकी, मग सुरूर फाट्यावरून वाई. ढोल्या गणपतीला बाहेरूनच हात जोडले, बसले तर उठवणार नाही अशी भीती.

पसरणीच्या घाटात एक गोष्ट लक्षात आली. चढावर मी नकळत सीटच्या पुढच्या टोकाला येते, हँडल ओढते, आणि हाडं रुंद जागा सोडून नाकावर. बारा किलोमीटरचा चढ म्हणजे दीड तास. अर्ध्यावर पुढे जडपणा आला. मग दर दहा मिनिटांनी, मोबाइलच्या घंटीवर, एक गिअर जड करून वीस-पंचवीस पेडल उभ्याने. जडपणा वाढला नाही. सीट कितीही बरोबर असली तरी तिच्यावरून उठावं लागतं.

वर स्ट्रॉबेरीवाल्या मावशी म्हणाल्या, "बसा की ताई, खुर्ची देते." प्लॅस्टिकच्या कडक खुर्चीत बसून अख्खी पेटी संपवली. बसून!

१५० किलोमीटरनंतर ठणक्याची चाहूल, दहापैकी तीन. नोव्हेंबरात १०३ ला नऊ होता. काचलं नाही, फोड नाही. रात्री टेबलाशी बसून जेवले. नवरा काही बोलला नाही, फक्त खुर्ची ओढून दिली.

९ फेब्रुवारी, रविवार

सायकल सर्व्हिसिंगला दिली होती, काल आणली. आज चांदणी चौकापर्यंतही गेले नाही तोच काहीतरी वेगळं. कंबर हलतेय. परतून मोजलं : ६६.४. ग्रीस लावायला सीटपोस्ट बाहेर काढला आणि अंदाजाने परत घातला. खुणेसाठी मी नेलपॉलिशची रेघ मारली होती, ती रॉकेलने पुसून पोस्ट चकचकीत करून दिला.

गॅरेजमध्ये गेले. मेकॅनिकभाऊ म्हणाले, "ताई, नऊ मिलिमीटरने काय होतंय?" मी वहीतला १७ नोव्हेंबर काढून दाखवला. त्यांनी अख्खं पान वाचलं, मग मागचं, मग पुढचं. दुकानातली मुलं जमली.

पोस्टवर इन्सुलेशन टेप गुंडाळली, ६५.५ वर. भाऊंनी स्वतः बोल्ट आवळला. मग हात पुसत जरा घुटमळले आणि म्हणाले, मी पण रोज वारज्याहून सायकलनेच येतो, डावीकडे काचतं.

टायरच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. दुकानाच्या पायरीवर बसवलं, गुडघे वर घ्यायला लावले. ११२. त्यांच्या सायकलची सीट मोजली तर रुंदी ठीक होती. उंची मोजायला पुस्तक नव्हतं, त्यांनी आतून पावतीपुस्तक आणलं.